प्रयोगातलं उरलेलं आम्ल आणि मोरचुदाचं पाणी कुठे टाकायचं? शाळेमागे मामा (माजी मालगुजारी) तलाव आहे.

दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत जमवा. तलावाकडे उतरणाऱ्या नालीत थेट काहीच नको. विरल आम्लात खाण्याचा सोडा चिमूटचिमूट टाका. फेस थांबला आणि निळा लिटमस लाल होईना, की भरपूर पाण्यासोबत शोषखड्ड्यात चालतं. एकदम मूठभर टाकलात तर उतू येऊन हातावर उडेल. मोरचुदाचं तसं नाही: त्यातलं तांबं मासोळ्यांना विषारी, आणि नुसतं पाणी ओतून ते नाहीसं होत नाही. त्यात धुण्याच्या सोड्याचं द्रावण हळूहळू घाला, हिरवट-निळा गाळ तयार होईल. रात्रभर ठेवा, वरचा निळा रंग गेला की गाळा, गाळ वाळवून चिठ्ठी लावलेल्या बरणीत साठवा. पारा, डायक्रोमेट, सिल्व्हर नायट्रेट यांना मात्र ही पद्धत लागू नाही; ते वेगवेगळ्या बंद बाटल्यांत ठेवून बरणीसोबत नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या घातक कचरा प्रक्रिया केंद्राकडे द्यावे लागतात.