पहिली रिमोट गाडी: आधी बिनतारी नको

पहिली रिमोट गाडी बनवायची म्हणतोस आणि इंदूरचाच आहेस, तर इलेक्ट्रॉनिक्सचं सामान जेल रोडच्या बाजारात पाहा. पण एकदम सगळं आणू नकोस. आधी गाडी तारेवर चालव. एल२९३डी चिप (मोटरी दोन्ही दिशांना फिरवणारी), दोन मोटरी, चार बटणं. पुढे-मागे-डावी-उजवी नीट झाली की मगच रेडिओ. नाहीतर बिघाड रेडिओत की मोटरीत, हे शोधण्यातच सुट्टी संपते.

रेडिओसाठी ४३३ मेगाहर्ट्‌झची ट्रान्समीटर-रिसीव्हर जोडी आणि एचटी१२ई-एचटी१२डी या दोन चिपा पुरे. रिमोटमधली एचटी१२ई बटणांचा कोड बनवते, गाडीतली एचटी१२डी तो उलगडते. चार बटणांना चार डेटा पिना, प्रोग्रॅमिंग शून्य.

नवी मुलं अडकतात ती इथे:

- चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी. मोटरीला ती पुरत नाही. दोन मिनिटांत मान टाकते. पेन्सिल सेल घे.
- मोटर आणि रिसीव्हरची बॅटरी वेगळी ठेवली, पण दोन्हींचं ग्राउंड (उणे टोक) एकमेकांना जोडलंच नाही. मी यावर अख्खा रविवार घालवलाय, हसू नकोस.
- मोटरीच्या दोन टोकांत ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर नाही. मग मोटर फिरली की तिच्या ठिणग्यांच्या गोंगाटात रिसीव्हर बहिरा होतो. दहातल्या आठ तक्रारी याच.
- एचटी१२ई आणि एचटी१२डीच्या आठ अ‍ॅड्रेस पिना (जोडीची ओळख ठरवणाऱ्या) सारख्या जोडलेल्या नाहीत. सुरुवातीला सगळ्या ग्राउंडला जोड.

अँटेना म्हणजे १७ सेंटिमीटरची साधी सरळ तार. गुंडाळू नकोस.

वेग कमी-जास्त करणं, स्टिअरिंगला सर्व्हो (ठरावीक कोनात वळणारी मोटर), ते सगळं नंतर. आत्ता एचटी१२डीच्या व्हीटी पिनेला (योग्य सिग्नल आला की चालू होणाऱ्या) रेझिस्टर लावून एलईडी जोड. बटण दाबल्यावर तो लागला, की सिग्नल पोहोचतोय. लागला नाही, तर फोटो पाठव, बघू.