होज बॉक्स शेवटचा कधी उघडला होता?

प्रश्न : पावसाळ्यात पार्किंगमधल्या होज बॉक्समध्ये (आग विझवायच्या पाइपच्या पेटीत) पाणी शिरलं. पाइपवर काळे ठिपके पडलेत, कुबट वास येतो. टाकून द्यावा का? (सोसायटी सचिव, ठाणे)

उत्तर : लगेच टाकू नका. होजला बाहेरून विणलेलं आवरण आणि आतून रबरी अस्तर असतं. आवरणाचा धागा सिंथेटिक असेल, तर बुरशी बहुधा वरच्या मळावर धरलेली असते आणि धुतली की जाते. धागा सुती असेल, तर बुरशी धागाच खाते. तो पाइप बदला.

पाइप जमिनीवर सरळ पसरा आणि साध्या पाण्याने, नरम ब्रशने धुवा. डाग चिवट असेल तर सौम्य साबण चालेल, ॲसिड नको. मग एका टोकापासून पाइप खांद्यावर घेत दुसऱ्या टोकापर्यंत चालत जा, आतलं पाणी पुढे सरकून बाहेर पडेल. एवढ्याने पाइप वाळत नाही, तो टांगावाच लागतो. अग्निशमन केंद्रांत त्यासाठी उंच मनोरे बांधलेले असतात. तुमच्याकडे जिना आहे. १५ मीटरचा पाइप मधोमध दुमडून जाड, गोल दांड्यावरून सोडला की साडेसात मीटर, म्हणजे दोन-अडीच मजले पुरतात. दोन्ही तोंडं खाली ठेवा. पातळ दोरीवर टांगू नका, काचतो. गच्चीवर कडक उन्हातही नको, रबर कडक होऊन तडकतं. आत ओल राहिलेला पाइप गुंडाळून ठेवणं हीच मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलेली चूक आहे.

प्रश्न : वॉचमन होज रीलने (ड्रमवर गुंडाळलेल्या आगीच्या पाइपने) गाड्या धुतो. चालेल का?

उत्तर : नाही. पाइप फरशीवर घासतो, त्यावरून चाकं जातात, आणि आगीच्या वेळी तो ड्रमवर नसतो. आजच थांबवा.

प्रश्न : होज गुंडाळायचा कसा?

उत्तर : मधोमध दुमडा, वरच्या पदराचं कपलिंग (टोकाचा जोड) खालच्यापेक्षा जरा मागे ठेवा आणि दुमडीकडून गुंडाळत या. दोन्ही कपलिंग बाहेर राहतात, पाइप झटकन उलगडतो. दर तीन महिन्यांनी उलगडून दुमडीची जागा थोडी सरकवा. वर्षानुवर्षं एकाच जागी घडी राहिली, तर अस्तर तिथेच फाटतं.

प्रश्न : परवानाधारक एजन्सी जानेवारी-जुलैत ‘बी’ फॉर्म (आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला) देते. मग आम्ही वेगळं काय बघायचं?

उत्तर : तपासणीच्या दिवशी समोर उभे राहा. कायद्याने जबाबदारी मालकाची किंवा वापरणाऱ्याची आहे. कपलिंगच्या कडेला पाइपवर पेन्सिलची रेघ मारा, पाणी हळूहळू सोडून आतली हवा जाऊ द्या, मग नोझल सावकाश बंद करा. झटक्यात बंद केलं तर पाण्याचा धक्का पाइपलाही बसतो आणि पंपालाही. दाबाखाली रेघ कपलिंगपासून सरकली, तर बांधणी सैल झाली आहे. तो पाइप बाजूला काढा.

आणि फीमेल कपलिंगमध्ये (ज्यात दुसरं कपलिंग बसतं, त्यात) बोट घालून रबरी वॉशर चाचपा. तो नसला की पाणी जोडावरच उडून जातं. दोन जादा वॉशर बॉक्समध्येच ठेवा.