बॅग भरताना: वाचकांचे प्रश्न

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणून आपल्याकडची बरीच कुटुंबं सहलीला जूनमध्येच निघतात. या वेळची पत्रं परदेशातल्या समुद्रावर जाणाऱ्यांची आहेत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघं सहा दिवसांसाठी थायलंडमधल्या फुकेतला चाललो. ४५-४६ अंशाची सवय आहे, त्यामुळे उन्हाची भीती नाही. सुती कपडे आणि दुपट्टे भरपूर घेतले. आणखी काय लागते? (वाचक, आर्वी)

आणखी काय ते नंतर पाहू, आधी सुती कपडे अर्ध्याने कमी करा. मे महिन्यात तुमच्या अंगणातल्या दोरीवर टाकलेला ओला टॉवेल तासाभरात पापडासारखा कडक होतो, कारण हवा कोरडी. फुकेतला पारा ३२च्या आसपास असतो, पण हवा इतकी दमट की अंगावरचा घाम वाळत नाही. रात्री खोलीत टाकलेला सुती टी-शर्ट सकाळीही ओलसरच लागतो. दोन दिवस तसा राहिला की कुबट वास येतो, आणि तोच अंगात घातला की काखेत, जांघेत खाज सुटते.

माणशी पोहण्याचे पूर्ण बाह्यांचे नायलॉन किंवा पॉलिस्टरचे दोन जोड घ्या: एक अंगावर, एक वाळत. फिरायला पातळ, लवकर वाळणारे तीन-चार कपडे. जीन्स न्यायचीच असेल तर एक, तीही विमानात घालून. जाड टॉवेलऐवजी आपला पंचा न्या, तो लवकर वाळतो. दुपट्टा मात्र राहू द्या, बोटीत डोक्याला आणि मानेला तोच कामी येतो.

आता उन्हाबद्दल. आपल्याकडचं ऊन चटका देऊन सावध करतं. समुद्रावर वारा असतो, अंग ओलं असतं, त्यामुळे भाजतं आहे हे कळतच नाही. संध्याकाळी खांदे लाल होतात आणि रात्री पाठ टेकवत नाही. विषुववृत्ताजवळ अतिनील किरणं फार तीव्र असतात, पातळ ढगातूनही येतात. त्यांचा आणि पाऱ्याचा संबंध नाही, म्हणून ४६ अंशाची सवय इथे उपयोगाची नाही.

सनस्क्रीन एसपीएफ ३० ते ५०चं, पाण्यात टिकणारं घ्या. सगळ्यांचं चुकतं ते प्रमाणात. मोठ्या माणसाच्या पूर्ण अंगाला एका वेळी सुमारे ३० मिली लागतं. पूर्ण बाह्यांचा पोशाख असेल तर चेहरा, मान, हाताचे पंजे आणि गुडघ्याखालचे पाय एवढंच उरतं, तिथे ८-१० मिली पुरेल. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढी पट्टी. उन्हात जाण्याआधी १५-२० मिनिटं लावा, मग दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा. दिवसाला तीनदा धरलं तर चौघांना समुद्रावरच्या चार दिवसांसाठी ४०० ते ५०० मिली होतं. ५० मिलीची एक ट्यूब नेणारं कुटुंब दुसऱ्या दिवशीच दुकान शोधत फिरतं.

ट्यूबवरची घटकांची यादी वाचूनच घ्या. ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट, ४-मिथिलबेन्झिलिडिन कॅम्फर आणि ब्युटिलपॅराबेन असलेली सनस्क्रीन थायलंडच्या राष्ट्रीय उद्यानांत २०२१ पासून बंद आहेत, कारण त्याने प्रवाळाला इजा होते. दंड एक लाख बाटपर्यंत आहे, आणि फुकेतहून सगळे जातात ती फी फी बेटं राष्ट्रीय उद्यानातच येतात. झिंक ऑक्साइडवालं घ्या. चेहरा थोडा पांढरट दिसेल, चालतं.

एक गोष्ट तिकीट काढण्याआधी विचारायला हवी होती: जूनमध्ये त्या किनाऱ्यावर पावसाळा असतो. छत्री वाऱ्यात उलटते, रेनकोट न्या. किनाऱ्यावर लाल झेंडा असेल तर पाण्यात पाय घालू नका. विहिरीत, नदीत पोहता येणाऱ्यांनी तर नाहीच, तेच जास्त धीट होतात. ज्यांचं बुकिंग अजून व्हायचं आहे त्यांनी बाली पाहावं, तिथे साधारण एप्रिल ते ऑक्टोबर कोरडे महिने असतात.

सिंगापूरमार्गे बालीला चाललो. सासूबाईंनी सावजी मसाला, ठेचा, सुकं खोबरं आणि संत्र्यांची पिशवी काढून ठेवली. ह्यांना खर्रा लागतोच. यातलं काय नेता येते? (वाचक, उमरेड)

खर्रा घरी ठेवा. सिंगापूरमध्ये चघळायच्या तंबाखूवर बंदी आहे. सावजी मसाल्यात खसखस असते, ती लक्षात येत नाही, पण सिंगापूर आणि दुबई दोन्हीकडे खसखस आणायला मनाई आहे. बॅग थेट पुढे जाणार असली तरी ती जोखीम घेऊ नका. संत्री नको, ताजी फळं बऱ्याच देशांत अडवतात. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर, ते लवकर पेटतं म्हणून विमानतळावर काढून घेतात.

ठेचा मोठ्या बॅगेत चालेल. हातातल्या बॅगेत द्रव किंवा ओलसर पदार्थाचा डबा १०० मिलीच्या वर जात नाही. विमान वर गेलं की डब्यात अडकलेली हवा फुगते आणि तेल झाकणातून बाहेर ढकलते. म्हणून तोंडावर आधी प्लॅस्टिकचा कागद ताणा, वरून झाकण घट्ट फिरवा, मग दोन पिशव्यांत गाठ मारून कपड्यांपासून लांब ठेवा. खरं म्हणजे जवसाची आणि तिळाची कोरडी चटणी न्या. सांडत नाही आणि भाताबरोबर जेवण होतं.

सामान किती न्यावं? मुंबईहून पुढचं तिकीट २३ किलोचं आहे. (वाचक, दारव्हा)

नागपूर-मुंबईचं तिकीट वेगळं काढलं असेल तर त्या टप्प्याला देशांतर्गत नियम लागतो, तो बहुतेक १५ किलोचा. म्हणजे बॅग १५चीच भरा. हातातली ७. घरी लटकवायचा काटा असेल तर बॅगेच्या मुठीला अडकवून आदल्या रात्रीच पाहा. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवायची. मर्यादा १०० वॅट-तासांची आहे. २०,००० एमएएच म्हणजे साधारण ७४, तेव्हा चालते.

आई सहावारीच नेसते. ती पाण्यात उतरू शकते का? (वाचक, मेहकर)

साडी नेसून गुडघ्यापर्यंतच्या पाण्यातही नको. लाट परतताना ओला घोळ पायात गुंडाळतो आणि माणूस पडतो. पूर्ण बाह्यांचा, पायघोळ पोहण्याचा पोशाख मिळतो. तो घालायचा नसेल तर नायलॉनचा कुर्ता आणि लेगिंग. पायात मागे पट्टा असलेली सँडल, साधी चप्पल लाट घेऊन जाते. सनस्क्रीनने बोटं गुळगुळीत होतात आणि अंगठी निसटते, म्हणून सोनं घरीच ठेवा.

मोबाइलची पाण्यात टाकायची पिशवी भरवशाची असते का? (वाचक, मूर्तिजापूर)

घरी तपासल्याशिवाय नाही. पिशवीत मोबाइलऐवजी टिश्यू पेपरची घडी आणि थोडं वजन घाला, क्लिप लावा आणि बादलीत अर्धा तास दाबून ठेवा. बाहेर काढून आधी वरून पुसा, मगच उघडा. घडीचा कोपराही ओला झाला असेल तर ती पिशवी परत करा. बहुतेक वेळा पाणी क्लिपच्या टोकाला अडकलेल्या वाळूच्या कणामुळे आत येतं, त्यामुळे किनाऱ्यावर प्रत्येक वेळी बंद करण्याआधी ती फट बोटाने पुसून घ्या.