आमचे ९८ युनिट वाटेत कोणी खाल्ले?

प्रश्न (इचलकरंजीचे एक वाचक): नमस्कार सर. मी इथल्या एका सूतगिरणीत अकाउंट्स बघतो. ओपन ॲक्सेसमधून, म्हणजे वीज कंपनीच्या तारा वापरून पण वीज थेट दुसऱ्याकडून विकत, आम्ही विदर्भातल्या एका प्लांटची वीज घेतो. प्लांटवाला १००० युनिट सोडले म्हणून हजाराचं बिल लावतो आणि इकडे क्रेडिट पडतं ९०२ चं. मालक रोज विचारतात, मधले ९८ कुठं गेले? आणि ती वीज आपल्याच गिरणीत आली हे तरी कशावरून?

उत्तर: मालकांच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करू. ती वीज तुमच्या गिरणीत आलेलीच नाही! दचकू नका. सकाळी डेअरीच्या कॅनमध्ये आपण आपल्या म्हशीचं दूध ओततो आणि शहरातला माणूस पिशवी फोडतो, तेव्हा त्या पिशवीत आपलीच म्हैस आहे का हे कोणी विचारत नाही. ग्रीड, म्हणजे विजेचं सामाईक जाळं, तसंच आहे. प्लांटनं विदर्भात ओतलं, तुम्ही इचलकरंजीत काढलं, तुमच्या यंत्रांवर कदाचित कोयनेची वीज फिरत असेल आणि तुमच्या प्लांटची वीज तिकडं जवळच कुठंतरी संपली असेल. करार जातो कागदावरून, करंट जातो जिकडं अडथळा कमी तिकडून, दोघांची गाठ पडेलच असं नाही.

आता ९८ युनिट. टँकर रिकामा केल्यावर एकूण किती दूध सांडलं ते कळतं, पण तुमच्या लिटरमधलं किती सांडलं ते देवालाही सांगता येणार नाही. म्हणून जाळ्यात एकूण किती आलं आणि एकूण किती बाहेर गेलं यातला फरक काढतात, त्याची टक्केवारी करतात आणि ती सगळ्यांना सारखी लावतात. हा लॉस पैशात नाही, युनिटमध्येच कापतात. आकडे दरवेळी बदलतात, पण समजा ट्रान्समिशनचा (लांबच्या मोठ्या लाईनचा) ३ टक्के आणि वितरणाचा (तिथून गिऱ्हाइकापर्यंतचा) ७ टक्के. मग १००० चे झाले ९७०, आणि ७ टक्के कापायचे ते ह्या ९७० मधून, म्हणजे उरले ९०२. कोणी ३ आणि ७ ची बेरीज करून सरळ १० टक्के कापले तर ९०० येतात, आणि हजारामागे तुमचे २ युनिट हकनाक जातात. महिन्याला लाखोंनी युनिट असतील तर हे दोन युनिट स्वस्त नाहीत, तेवढं बिलात नक्की बघा.

सरासरी न्याय्य आहे का? खरं सांगायचं तर नाही. तारेतला लॉस करंटच्या वर्गाच्या हिशोबानं वाढतो, करंट दुप्पट तर लॉस चौपट, त्यामुळे लोड कमी असताना वीज काढणाऱ्यालाही सर्वाधिक मागणीच्या वेळेसारखाच टक्का लावणं तसं चुकीचंच. पण प्रत्येकाला वेगळा टक्का काढायला बसलो तर भांडणंच मिटणार नाहीत, म्हणून माझं मत सरासरीलाच.

प्रश्न (मडगावच्या एक वाचक): आमच्या गोव्याला छत्तीसगडमधल्या कोरबाच्या वीजकेंद्राची वीज मिळते म्हणतात. मग ती महाराष्ट्रातून येताना महाराष्ट्र टोल घेतो का?

उत्तर: नाही ताई, तसा टोलनाका नाही. कोरबा आणि विंध्याचल ह्या वीजकेंद्रांमध्ये गोव्याचा हिस्सा आहे आणि म्हापशाला येणारी ४०० केव्हीची लाईन कोल्हापूरहून येते, हे बरोबर. पण आंतरराज्य जाळ्याचा खर्च एका सामाईक खात्यातून सगळी राज्यं वाटून घेतात, मग वीज कुणाच्याही दारावरून जावो. पूर्वी लॉस देशाच्या पश्चिम, उत्तर अशा विभागांप्रमाणे वेगवेगळे होते, वीज दोन विभागांतून आली की दोन्हीकडचा लॉस एकावर एक चढायचा. नोव्हेंबर २०२० पासून सगळ्या देशाला एकच टक्का, तोही सोमवार ते रविवार असा आठवड्याचा.

प्रश्न (नाशिकचा एक विद्यार्थी): राज्यानं ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढली तर कळतं कसं?

उत्तर: दिवसाचे १५-१५ मिनिटांचे ९६ ब्लॉक करतात आणि प्रत्येक ब्लॉकला किती ओढायची ते आदल्या दिवशी ठरतं, दिवसात थोडंफार बदलताही येतं. राज्याच्या सीमेवर जिथं जिथं लाईन येते तिथं ०.२एस क्लासचे, म्हणजे अगदी अचूक, मीटर असतात, सोबत पडताळणीला चेक मीटर. ठरलेलं आणि मीटरवरचं यातला फरक म्हणजे डेव्हिएशन, त्याचे पैसे वेगळ्या खात्यात. फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या खाली असताना, म्हणजे जाळ्यात वीज कमी पडत असताना, जास्त ओढलं की खिसा जास्त कापला जातो. ही पद्धत देशात सगळ्यात आधी आपल्या पश्चिम विभागात सुरू झाली, १ जुलै २००२ ला. त्याआधी काही राज्यं बिनधास्त ओढायची आणि फ्रिक्वेन्सी पार खाली जायची.

सगळा खेळ मीटरचा आणि त्याच्या घड्याळाचा. घड्याळ ५ मिनिटं मागं पडलं तर एका ब्लॉकची वीज दुसऱ्यात जाते, एकूण युनिट बरोबर दिसतात आणि पैसे चुकतात. एका जागी मी स्वतः लॉस मायनसमध्ये आलेला पाहिलाय, म्हणजे आत कमी आणि बाहेर जास्त! सगळे हसले, मग चार दिवस फायली उपसत बसलो. पाठवणाऱ्या टोकाला सीटी (मोठा करंट मीटरला झेपेल इतका लहान करून देणारा ट्रान्सफॉर्मर) बदलून १००० चा बसवला होता आणि मीटरचा आकडा ज्यानं गुणतात तो गुणक हिशोबात जुनाच, ८०० चा, चालू होता. तो बदलला आणि लॉस परत प्लसमध्ये आला.