पालक खावा, पण कसा?

प्रश्न : माझे वय ४५ आहे. हिमोग्लोबिन कमी आल्यामुळे गेले काही महिने मी रोज सकाळी उपाशीपोटी कच्च्या पालकाचा ग्लासभर रस घेते. त्यानंतर दुपारपर्यंत पोट फुगलेले राहते आणि भूक लागत नाही. सासूबाईंच्या मते आयुर्वेदाने पालेभाज्या निषिद्धच ठरवल्या आहेत. हे खरे आहे का? पालक बंद करावा का?

उत्तर : पालक बंद करण्याचे कारण नाही, कच्चा रस मात्र आजपासूनच थांबवावा. सासूबाईंच्या म्हणण्याला ग्रंथाचा आधार आहे, पण तो अर्धाच. सोळाव्या शतकातील भावप्रकाश या आयुर्वेदग्रंथात बहुतेक पालेभाज्या पचायला जड, रूक्ष (कोरडेपणा आणणाऱ्या), मळ वाढवणाऱ्या आणि विष्टंभी, म्हणजे पोटात वायू कोंडून ठेवणाऱ्या सांगितल्या आहेत. तुम्हाला होणारा त्रास नेमका हाच आहे. त्याहून कितीतरी जुन्या चरकसंहितेतही, सूत्रस्थानाच्या सत्ताविसाव्या अध्यायात, पालंक्या आणि इतर अनेक भाज्यांचे वर्णन जड, रूक्ष आणि शीतवीर्य, म्हणजे थंड गुणाच्या, असेच आहे. आज बहुतेक वैद्य पालंक्या म्हणजे पालकच समजतात. परंतु चरक तेथे थांबत नाहीत. या भाज्या वाफवून, त्यांचा रस पिळून टाकून आणि भरपूर स्नेह, म्हणजे तूप किंवा तेल, घालून खाल्ल्या तर त्या प्रशस्त, म्हणजे चांगल्या, होत, असे ते लगेच पुढे सांगतात. दोष सांगितला तिथेच त्यावरचा उपायही सांगितला आहे आणि तो स्वयंपाकघरातच करण्याजोगा आहे, हे मला फार मोलाचे वाटते.

आता तुमचा रस पाहा. जो भाग चरकांनी पिळून टाकायला सांगितला, तोच तुम्ही पीत आहात, तोही कच्चा, स्नेहाशिवाय आणि सकाळी अग्नी, म्हणजे पचनशक्ती, पुरता प्रदीप्त होण्याआधी. जड, थंड आणि रूक्ष पदार्थ अशा वेळी पोटात गेल्यावर भूक मंदावली, यात नवल नाही.

पालक नीट निवडून दोन-तीन पाण्यांतून धुवावा, उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे ठेवून काढावा आणि निवला की तळहातांमध्ये दाबून पिळावा. जुडीभर पाल्याचा मुठीएवढा गोळा होतो आणि खाली हिरवट पाणी उरते. ते पाणी टाकून द्यावे. नंतर तुपात जिरे, हिंग आणि ठेचलेला लसूण यांची फोडणी करून त्यावर हा पालक चिरून परतावा किंवा शिजलेल्या मुगाच्या डाळीत घोटावा. वायूचा त्रास असेल तर चिमूटभर सुंठ घालावी. ही भाजी दुपारच्या जेवणात, गरम असतानाच, आठवड्यातून दोन वेळा खाल्ली तरी पुरे. पावसाळ्यात अग्नी मुळातच मंद असतो, तेव्हा ती आणखी कमी खावी. पिळून टाकलेल्या पाण्याबरोबर काही जीवनसत्त्वे निघून जातात हे खरे, पण पालकातील विरघळणारे ऑक्झलेटही बऱ्याच प्रमाणात जाते, आणि कॅल्शियम ऑक्झलेटचे मुतखडे होणाऱ्यांच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे.

लोहासंबंधी थोडे स्पष्ट बोलतो. १०० ग्रॅम कच्च्या पालकात सुमारे २.७ मिलिग्रॅम लोह असते, पण वनस्पतीतील लोह शरीरात कमी शोषले जाते. आंबट फळांमधील क जीवनसत्त्वाने ते शोषण सुधारते, म्हणून भाजीवर ताटात लिंबू पिळावे किंवा जेवणात आवळा ठेवावा. अष्टांगहृदय या आयुर्वेदग्रंथात नित्य सेवनासाठी सांगितलेल्या पदार्थांत आवळा आणि मनुका दोन्ही आहेत. त्याच यादीत भाज्यांपैकी जीवंती, चाकवत आणि कोवळा मुळा यांचा उल्लेख आहे, तेव्हा पालेभाज्या सरसकट निषिद्ध नाहीत हे सासूबाईंनाही सांगता येईल. मात्र केवळ पालकावर भिस्त ठेवून हिमोग्लोबिन वाढण्याची वाट पाहू नका. तुमच्या वयात मासिक पाळीतील अतिरिक्त रक्तस्राव हे कमी हिमोग्लोबिनचे नेहमी आढळणारे कारण आहे. डॉक्टरांकडून तपासणी करून कारण आधी शोधून घ्यावे.

प्रश्न : पालक, केळे आणि दूध एकत्र वाटून केलेली स्मूदी मुलांना द्यावी का?

उत्तर : देऊ नये. मुळ्यासारख्या हिरव्या भाज्या कच्च्या खाल्ल्यावर दूध घेऊ नये, असे अष्टांगहृदयात सांगितले आहे. तेथे पालकाचे नाव नाही, तरी त्याच न्यायाने मी कच्चा पाला आणि दूध वेगळेच ठेवायला सांगतो. केळे आणि दूध यांचा संयोगही आयुर्वेदाला मान्य नाही. मुलांना पालक द्यायचा तर तो वाफवून, पिळून, कणकेत मळून त्याचे पराठे करावेत आणि वर तूप लावावे.

प्रश्न : वडील रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेतात. त्यांनी पालक खावा का?

उत्तर : पालकात के जीवनसत्त्व भरपूर असते आणि त्यामुळे या औषधाचा परिणाम कमी होतो. त्यांनी पालेभाजी एकदम सोडू नये आणि एकदम वाढवूही नये. आठवड्याचे प्रमाण शक्य तितके सारखे ठेवावे. त्यात बदल करायचा झाल्यास आधी डॉक्टरांना सांगावे, म्हणजे ते रक्ताची तपासणी करून औषधाची मात्रा ठरवतील.