एचईसी-एचएमएसमध्ये पहिला पाऊस चालवताना

एचईसी-एचएमएस म्हणजे पडलेल्या पावसातून किती पाणी वाहील याचा हिशेब करणारं सॉफ्टवेअर. त्यात पहिल्याच रनला पाच उपपाणलोट (पाणलोटाचे छोटे भाग) आणि थिसेनची वेट्स (कोणत्या पर्जन्यमापकाचा किती वाटा धरायचा ते) घेऊन बसू नका. एक उपपाणलोट, एक पर्जन्यमापक आणि एकच पाऊस घ्या.

नवख्यांचं घोडं अडतं ते बहुतेक इथे:

- पावसाचा तक्ता. तासागणिक 4, 7, 2 मिमी अशी नोंद असेल तर 'इन्क्रिमेंटल' निवडा; 4, 11, 13 अशी चढत जात असेल तर 'क्युम्युलेटिव्ह'. इथे गल्लत झाली की पुढचं सगळं मुसळ केरात. नोंद नसलेल्या तासाला शून्यही ठोकून देऊ नका. नोंद नसणं आणि पाऊस नसणं वेगळं.
- मेटिऑरॉलॉजिक मॉडेल (पावसाची माहिती) बनवलं, पण त्याला बेसिन मॉडेल (पाणलोटाची माहिती) जोडायचं राहिलं.
- कंट्रोल स्पेसिफिकेशनची वेळ, म्हणजे रन कधी सुरू होणार आणि कधी संपणार ते. पाऊस थांबला तिथेच रन संपवला तर ओसरता प्रवाह कापला जातो. रन पुढे वाढवा आणि तक्त्यातही तेवढ्या वेळेची शून्यं भरा, नाहीतर डेटा अपुरा म्हणून एरर येतो.
- टाइम स्टेप, म्हणजे हिशेब किती मिनिटांच्या टप्प्यांनी करायचा ते. एससीएस युनिट हायड्रोग्राफला (पावसाचं प्रवाहात रूपांतर करायची एक पद्धत) तो लॅगच्या (पावसाच्या मध्यापासून प्रवाहाच्या शिखरापर्यंतचा वेळ) 0.29 पटीपेक्षा कमी हवा. लॅग 60 मिनिटं असेल तर मर्यादा 17.4, म्हणजे 15 मिनिटं घ्या.

रन झाल्यावर सगळे आधी पीककडे, म्हणजे प्रवाहाच्या सर्वोच्च आकड्याकडे धावतात. तुम्ही एकूण पाऊस बघा. 12 चौ. किमीवर 50 मिमी म्हणजे 6 लाख घनमीटर. त्यातून लॉस (जमिनीत मुरणारं वगैरे पाणी) वजा केला की एक्सेस (वाहून जाणारं पाणी) यायला हवा. हा हिशेब जुळेपर्यंत कर्व्ह नंबरला (लॉस किती ते ठरवणारा आकडा) हात लावू नका. कॅलिब्रेशनचं, म्हणजे मॉडेल प्रत्यक्ष नोंदींशी जुळवण्याचं, नंतर बोलू.