पेरिशिचच्या वडिलांचीही पोल्ट्री होती

हातकणंगले तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगा सोळा वर्षांचा, दहावीला 78 टक्के. शाळेकडून आणि कोल्हापुरातल्या एका तालमीच्या फुटबॉल संघाच्या लहान गटाकडून डाव्या विंगला खेळतो. क्रोएशियाचा फुटबॉलपटू इव्हान पेरिशिच हा त्याचा देव. वडील लिहितात, "पोरगं म्हणतंय, पेरिशिचच्या बापाचीपण आपल्यासारखीच पोल्ट्री होती आणि त्यानं पोराला सतराव्या वर्षी परदेशी पाठवलं. एक एजंट साडेसहा लाखांत क्रोएशियात तीन महिन्यांची ट्रायल करून देतो म्हणतोय. एक शेड विकलं तर पैसे उभे राहतात. अकरावी सायन्सचं तेवढ्यात काय करायचं? मी आड आलो असं त्याला आयुष्यभर वाटायला नको."

भाऊ, नमस्कार.

तुमचा मुलगा खरं बोलतोय, म्हणून आधी त्याचीच बाजू घेते. पेरिशिच 2 फेब्रुवारी 1989 ला स्प्लिटमध्ये जन्मला आणि जवळच्या ओमिश या किनाऱ्यावरच्या लहान गावात वाढला. वडिलांचा कोंबड्यांचा धंदा होता, हा शेडवर हाताखाली काम करायचा. मित्र त्याला 'कोका' म्हणत. क्रोएशियन भाषेत कोका म्हणजे कोंबडी. पहाटे खाद्य टाकून शाळेला जाणाऱ्या पोराला हे वाचून काय वाटलं असेल, ते मला कळतं. त्याच्या या वेडाला हसू नका.

पण गोष्टीचा पुढचा भाग त्याने बहुतेक वाचलेला नाही. पेरिशिच 2006 मध्ये फ्रान्सच्या सोशो क्लबकडे गेला, तेव्हा तो स्प्लिटच्या हायदुकच्या युवा संघात होता. सोशोने त्याला हेरलं, मागितलं आणि त्याच्यासाठी पैसे मोजले. वडिलांचा धंदा त्या वेळी अडचणीत होता आणि पोराच्या जाण्याने घराला हातभार लागला. पैसा क्लबकडून घराकडे आला. तुमच्याकडे तो घरातून एजंटाकडे जाणार आहे. सगळा फरक इथेच आहे.

आता नियम सांगते, कारण एजंटाने तो सांगितला नसणार. फिफाच्या नियमाप्रमाणे अठरा वर्षांखालचा खेळाडू दुसऱ्या देशातल्या क्लबकडे नोंदवता येत नाही. अपवाद मोजके आहेत. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील, तर एक. युरोपीय संघाच्या आतल्या आत सोळा ते अठरा वयाची मुलं काही अटींवर जाऊ शकतात, पण ती सवलत तिथल्यांना. 2009 पासून अशा बदलीला फिफाची आधी मंजुरी लागते. म्हणजे तुमचा मुलगा तिथे जाऊन कितीही चांगला खेळला, तरी आज कोणताही क्रोएशियन क्लब त्याची नोंदणी करू शकत नाही. साडेसहा लाखांत मिळेल ते तीन महिन्यांचं प्रशिक्षण शिबिर, मैदानावरचे फोटो आणि एक प्रमाणपत्र. त्या प्रमाणपत्राला ना कोल्हापुरात किंमत, ना स्प्लिटमध्ये.

दुसरी खूण. 2023 पासून फुटबॉल एजंटाला फिफाची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो आणि परवानाधारकांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. लहान वयाच्या खेळाडूसाठी पालकांची लेखी संमती लागते. एजंटाची कमाई करारावरच्या कमिशनमधून होते, ट्रायलच्या फीमधून नाही. त्या माणसाचं नाव यादीत शोधा. बाराव्या वर्षापासून खेळाडू घडवणाऱ्या क्लबांना त्याच्या पहिल्या व्यावसायिक कराराच्या वेळी भरपाई मिळते, अशीही तरतूद आहे. ज्या खेळात मुलगा घडवणाऱ्यालाच पैसे मिळतात, तिथे बापाने शेड विकायचं कारण काय?

माझ्याकडे याआधीही अशी दोन घरं येऊन गेली आहेत. एका आईने दागिने मोडले होते. मुलगा परत आला, तेव्हा त्याचं अकरावीचं वर्ष गेलं होतं आणि इथल्या संघातली जागाही. क्लबचं नाव सांगितलं होतं मोठं, सराव झाला गावाबाहेरच्या भाड्याच्या मैदानावर. तो मुलगा माझ्यासमोर खुर्चीत बसून बुटाच्या नाडीची गाठ सोडत आणि बांधत होता. त्याला खेळाविषयी एक शब्द बोलवत नव्हता. म्हणून मी या बाबतीत इतकी ठाम आहे.

पण नुसतं "नको" म्हणून पत्र संपवलं तर मुलाला वाटेल, बापाने मॅडमकडून हवं ते लिहवून आणलं. तेव्हा पुढचा भाग त्याला वाचायला द्या.

बाळा, तू सोशोपाशी थांबलास. सोशोत गेल्यावर काय झालं? तो राखीव संघात राहिला. पहिल्या संघाकडून लीगचा एक सामनाही त्याला मिळाला नाही. अडीच वर्षं. मग 2009 च्या सुरुवातीला तो बेल्जियमच्या रूसेलारे या छोट्या क्लबकडे लोनवर, म्हणजे तात्पुरता उसना, गेला. हे नाव तुझ्या मित्रांपैकी कुणी ऐकलं नसेल. पण तिथे त्याला दर आठवड्याला खेळायला मिळालं. त्या काही महिन्यांवर क्लब ब्रुजने त्याला घेतलं आणि 2010-11 च्या हंगामात तो 22 गोल करून बेल्जियन लीगचा सर्वाधिक गोल करणारा ठरला. मग डॉर्टमुंड, 2012 मध्ये लीग आणि जर्मन कप. तिथे बाकावर बसावं लागतं अशी जाहीर तक्रार करून झाली आणि जानेवारी 2013 मध्ये वोल्फ्सबुर्ग. त्याच्या वाटेत मोठ्या नावाचा क्लब आणि खेळायला मिळणारा क्लब हे बऱ्याचदा वेगळे निघाले, आणि दर वेळी त्याला वर नेलं खेळायला मिळणाऱ्या क्लबने. आज तुझं रूसेलारे म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या (केएसए) लीगमध्ये खेळणारा तो संघ, जिथे तुला नव्वदच्या नव्वद मिनिटं मिळतील.

2018 च्या विश्वचषकाची अंतिम लढत पुन्हा काढून बघ, अठ्ठाविसावं मिनिट. फ्री किकनंतर चेंडू डोक्याडोक्यांवरून फिरत सहकारी विदाकडून पेनल्टी बॉक्सच्या कडेला पेरिशिचपाशी येतो. समोर फ्रान्सचा कांते. पेरिशिच उजव्या पायाने चेंडू हलकेच डावीकडे सरकवतो आणि पुढच्याच पावलाला डाव्या पायाने मारतो. दोन स्पर्श, दोन वेगळे पाय. कांतेला पाय घालायला वेळच मिळत नाही. हाच माणूस कॉर्नर दोन्ही पायांनी घेतो, मैदानाची बाजू बघून पाय बदलतो. आणि त्याच सामन्यात दहा मिनिटांनी त्याच्याच हाताला चेंडू लागून फ्रान्सला पेनल्टी मिळाली. सामना 4-2 ने गेला. चार वर्षांनी, 2022 मध्ये तो पुन्हा विश्वचषकात उभा होता, जपानविरुद्ध हेडरने बरोबरी साधली आणि क्रोएशिया तिसरा आला.

तुझ्या वडिलांनी लिहिलंय की तू उजव्या पायाचा आहेस, डाव्या विंगला खेळतोस आणि डावा पाय 'नुसता उभं राहायला' वापरतोस. हे वाक्य तुझंच आहे म्हणे. बाळा, साडेसहा लाखांची ट्रायल त्या डाव्या पायात आहे. शेडच्या भिंतीवर खडूने चौकोन काढ आणि रोज तिथे मार.

मला त्याच्या कारकिर्दीतलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते मात्र 2019 चं साल. तो इंटर मिलानमध्ये होता. नवे प्रशिक्षक आंतोनियो कोंते आले. त्यांच्या रचनेत विंगरला जागाच नव्हती, विंगबॅक हवा होता. म्हणजे पुढे धावायचं आणि तितकंच मागे येऊन अडवायचंही. हे पेरिशिचला जमणार नाही, असं कोंते जाहीरपणे म्हणाले. वय तीस. त्याला बायर्न म्युनिकला लोनवर धाडलं. तिथे लीग, कप आणि चॅम्पियन्स लीग, तिन्ही जिंकली. बार्सिलोनाला 8-2 ने हरवलं त्यात एक गोल त्याचा. तरी बायर्नने त्याला कायमचं ठेवलं नाही. तो इंटरला परत आला, त्याच कोंतेंकडे, आणि डावा विंगबॅक म्हणून खेळायला शिकला. 2021 मध्ये इंटरने इटालियन लीग जिंकली. 2022 मध्ये कोंते टॉटनहॅमला होते, तेव्हा त्यांनी त्यालाच तिथे बोलावून घेतलं. तिशीनंतर बचाव शिकला म्हणून पस्तिशीतही त्याला मागणी राहिली. सप्टेंबर 2023 मध्ये गुडघ्याचा लिगामेंट तुटला, त्यातून उठून 2024 मध्ये तो हायदुककडून खेळला, युरो खेळला आणि पुढच्या हंगामात पीएसव्हीसोबत डच लीग जिंकली. म्हणून तुझ्या प्रशिक्षकांनी सरावात लेफ्ट बॅकला उभं केलं तर तोंड पाडू नकोस.

भाऊ, आता पुन्हा तुमच्याशी. क्रोएशियाची लोकसंख्या 2021 च्या जनगणनेत साधारण 38.7 लाख होती. आपल्या कोल्हापूर जिल्ह्याची 2011 मध्ये जवळपास तेवढीच. पेठापेठांतून फुटबॉल आपल्याकडेही आहे, शाहू स्टेडियमची गर्दी तुम्ही पाहिली आहे. त्यांच्याकडे वेगळं काय, तर हायदुक, दिनामो झाग्रेब यांसारखे क्लब लहान वयापासून मुलं घडवतात आणि तयार झालेले खेळाडू बाहेर विकून जगतात. ती साखळी आपल्याकडे अपुरी आहे, हे खरं. पण मुळीच नाही असंही नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला.

त्यामुळे या वर्षी मी एवढंच करेन. मुलाची भारतीय फुटबॉल महासंघाच्या नोंदणी प्रणालीत नोंद आहे का, जन्मतारीख दाखल्याप्रमाणे आहे का, हे क्लबच्या सचिवांना विचारा. पुढे कुठेही जायचं झालं तर तीच त्याची खरी कागदपत्रं. सुब्रतो करंडकाच्या सतरा वर्षांखालील गटात वयाप्रमाणे बसत असेल तर शाळा-कॉलेजकडून खेळू द्या. मुंबई, पुणे आणि गोव्यातले क्लब युवा संघांच्या निवड चाचण्या घेतात, तिथे एसटीच्या तिकिटाच्या खर्चात जाता येतं. दोन ठिकाणी नापास झाला तरी चालेल. परक्या प्रशिक्षकाच्या नजरेखाली तो कसा खेळतो, हे त्याला आणि तुम्हाला कळेल.

अकरावी सोडू नका. सायन्सच हवं असा माझा आग्रह नाही. फिजिओथेरपीकडे ओढा असेल तर बायोलॉजी आणि पुढे 'नीट' ही प्रवेश परीक्षा लागेल, मग सायन्स. नसेल तर आर्ट्स किंवा कॉमर्स घेऊन मैदानाजवळचं कॉलेज बघा, सकाळचा सराव बुडता कामा नये. खेळाडूंना बारावीला वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे, त्यासाठी आतापासून प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र फाईलला लावून ठेवा. अठरा पूर्ण झाल्यावर परदेशाचा विषय पुन्हा काढू. तेव्हा नियमाची ही आडकाठी नसेल आणि त्याच्याकडे दाखवायला दोन हंगामांचे सामने असतील.

एजंटाला एक निरोप द्या: क्लबच्या अधिकृत पत्त्यावरून, मुलाच्या नावाने, क्लबचं निमंत्रण आणा. आणलंच, तर मला पाठवा, आपण क्लबलाच थेट विचारू. शेडचा सौदा तोवर थांबवा आणि पुढच्या बॅचची पिल्लं नेहमीसारखी भरा.